कृपया बोलत राहा

डोंबिवली पूर्वेच्या एका शाळेच्या सभागृहातून एका श्रोत्याला मैफल चालू असताना बाहेर काढण्यात आलं. तो प्यायलेला नव्हता. त्याचा मोबाइल वाजला नव्हता. पहिल्या सुरापासून तो डोळे मिटून, हाताची घडी घालून गप्प बसला होता, आणि तोच त्याचा गुन्हा होता. बाहेर काढणारे गृहस्थ म्हणजे मैफलीचे आयोजक श्रीरंग चौबळ. प्रत्येक तिकिटावर त्यांनी ठळक अक्षरांत छापून घेतलं होतं : 'कृपया बोलत राहा.'

"वाचता येतं ना तुम्हाला?" दाराशी आणून चौबळांनी त्याला विचारलं.

"अहो, मला वाटलं छपाईची चूक आहे."

"अठराव्या शतकात हे चाललं नसतं," असं म्हणून चौबळांनी दार लावून घेतलं.

चौबळ वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. किराणा दुकानांचे काटे आणि भाजीवाल्यांची वजनं तपासण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर माणसं सकाळी फिरायला जातात, ज्येष्ठ नागरिक संघात कविता वाचतात, फार तर नातवाला क्लासला सोडतात. चौबळांनी युरोप घेतला. सगळा नव्हे. फक्त अठराव्या शतकातला, आणि त्यातही तिकीट लावून होणाऱ्या जाहीर मैफलींपुरता. त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या युरोपाबद्दल काही विचारलं तर ते "ते माझ्या हद्दीत नाही" म्हणत.

मी तेव्हा एका दैनिकात ठाणे जिल्ह्याचं पान पाहत होतो. पानाला मजकूर कमी पडला की चौबळ उपयोगी पडत. मजकूर पुरेसा असला तरी ते येतच. बातमी स्वतः लिहून आणत, समोर बसून मला वाचायला लावत आणि मी खोडलेला प्रत्येक शब्द काट्यावर पुन्हा ठेवल्यासारखा तपासत.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. त्या काळात मैफलीला लोक गप्प बसायला जात नसत. ते हिंडत, खात, ओळखीपाळखी काढत, मुलामुलींची लग्नं जुळवत, आणि हे सगळं वाजत असताना. एखादा तुकडा आवडला तर मध्येच टाळ्या पिटून तो पुन्हा वाजवायला लावत. सिंफनीसुद्धा सलग होत नसे. अर्धी सुरुवातीला, अर्धी शेवटी, मध्ये कुणाचं तरी गाणं. श्रोत्याला गप्प करण्याचा उद्योग पुढच्या शतकातला.

"गप्प बसणं ही भेसळ आहे," चौबळ म्हणाले.

"भेसळ तुमच्या खात्याकडे नव्हती."

"नव्हती. पण ओळखता येते."

एकदा आमच्या एका उपसंपादकानं त्यांना मध्येच विचारलं, "अठरावं शतक म्हणजे अठराशे सत्तावनचं ना, काका?" चौबळांनी त्याच्याकडे कमी भरलेल्या किलोकडे पाहावं तसं पाहिलं. "अठरावं म्हणजे सतराशे," ते म्हणाले, आणि त्या मुलाशी पुन्हा कधी बोलले नाहीत.

पहिल्या मैफलीचा वृंद त्यांनी कुठून कुठून गोळा केला होता. कल्याणच्या एका चर्चमध्ये वाजवणारे दोघे व्हायोलिनवाले. मुलांना कीबोर्ड शिकवणाऱ्या एक बाई. टिटवाळ्याच्या लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला बाळू. मेणबत्त्यांना सभागृहानं परवानगी नाकारल्यामुळे सेलवर लुकलुकणाऱ्या दिवाळीच्या मेणबत्त्या आणल्या होत्या. चौबळांच्या डोक्यावर पांढरा टोप होता. नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडे त्या शतकाचा टोप नव्हता. ऋषीचा होता. चौबळांनी त्याचा अंबाडा कापून टाकला होता आणि उरलेल्या केसांना मागे काळी फीत बांधली होती. शापवाणी उच्चारून झाल्यावर सरकारी नोकरीत लागलेल्या ऋषीसारखे ते दिसत होते.

कार्यक्रमाआधी त्यांनी मला चौथ्या रांगेत बसवलं.

"वाजायला लागलं की मी हात वर करीन. तुम्ही मोठ्यानं म्हणायचं, 'चहा टाकू का?'"

"काय?"

"चहा टाकू का. घरात विचारतो तसं. ओरडायचं नाही आणि कुजबुजायचं पण नाही. किती माणसं वळून बघतात ते मला बघायचंय. कुणी वळलं नाही, तर आवाज प्रमाणात आहे."

"पण हेच वाक्य का?"

"काहीतरी वाक्य लागणारच ना," चौबळ म्हणाले. अडीचशे वर्षांपूर्वीच्या युरोपचा अभ्यास केलेल्या माणसाला चाचणीसाठी याहून बरं वाक्य सुचू नये, याची मी मनात नोंद घेतली.

आता डोंबिवलीचा श्रोता. ही एक वेगळी जात आहे. तो घरून शाल घेऊन येतो, कारण त्याला एसी बाधतो. दाद देण्यापूर्वी तो शेजारच्याकडे पाहतो. संगीतात आपल्याला फार कळतं असं तो म्हणत नाही. दुसऱ्याला कळत नाही एवढंच म्हणतो. आणि शांत बसण्याचा त्याला अभिमान असतो. बाहेरचे कलावंत 'असा श्रोता कुठे मिळत नाही' असं स्टेजवरून सांगून गेलेले असतात, आणि ते प्रत्येक गावात हेच सांगतात हे त्याला कुणी कळवलेलं नसतं.

या श्रोत्याला चौबळ बोलायला सांगत होते. व्हायोलिनं सुरू झाली आणि सभागृह मूर्तीसारखं झालं. काहींनी मांडीवर ताल धरला. समेवर यायची वेळ झाली तरी सम येईना, तेव्हा गुपचूप सोडून दिला. चौबळांनी हात वर केला. मी म्हणालो, "चहा टाकू का?"

अख्खं सभागृह वळलं. बाल्कनीतलेसुद्धा वाकून पाहू लागले. मागून एक बाई म्हणाल्या, "कुठून येतात ही माणसं!" चौबळांनी स्टेजच्या कडेवरून माझ्याकडे पाहून मान हलवली. प्रमाणात नाही. त्याच रागात त्यांनी तिसऱ्या रांगेतल्या त्या डोळे मिटलेल्या गृहस्थाला दंडाला धरून उठवलं.

मध्यंतरात सभागृहाचे सचिव त्यांच्यावर धावून आले. "चौबळ, हा डोंबिवलीचा रसिक आहे. तो मैफलीत बोलणार नाही. मेला तरी बोलणार नाही."

"मग तो रसिक नाही. फर्निचर आहे."

त्या मैफलीतली आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर 'राखीव' अशी चिठ्ठी लावलेली होती. उशिरा आलेल्या एका नगरसेवकानं तिच्यावर बसायचा प्रयत्न केला, तेव्हा चौबळांनी त्याला उठवलं. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली. कुणी मोठा पाहुणा कबूल करून आला नसेल आणि चौबळांना ते मान्य करवत नसेल, असा मी अर्थ लावला. आयोजकांच्या बाबतीत हा अर्थ सहसा चुकत नाही.

दुसऱ्या मैफलीला चौबळांनी तयारी केली. उद्यानातल्या हास्यक्लबला पास दिले आणि त्यांच्याकडून बोलण्याची तालीम करून घेतली. प्रत्येक रांगेला विषय वाटून दिला. एका रांगेला मुलांचं परदेशात असणं, एकीला गुडघे, एकीला इमारतीचं रीडेव्हलपमेंट. तालमीत मंडळी उत्तम बोलली. प्रत्यक्षात पहिला सूर लागला आणि सगळी गप्प झाली. वर्षानुवर्षांची सवय एका तालमीत जात नाही. गुडघ्यांच्या रांगेत एकानं "क्या बात है" म्हटलं आणि लगेच शेजाऱ्याची माफी मागितली.

रीडेव्हलपमेंटची रांग मात्र हळूहळू पेटली. आधी कुजबुज होती. मग कुणीतरी कार्पेट एरिया काढला.

"बाल्कनी धरून सांगतोय तो बिल्डर, बाल्कनी धरून!"

"मग सही कशाला केलीत?"

"मी केली? तुमच्या मिसेसनी पहिली केली!"

चौबळ मागच्या दाराशी उभे होते. हातात मोबाइल, त्यावर आवाज मोजायचं ॲप. त्यांचा चेहरा उजळला. "चालू ठेवा!" त्यांनी स्टेजला आणि भांडणाऱ्यांना एकदमच सांगितलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणीतरी "श्श" केलं. मग दुसऱ्यानं. मग सगळ्या सभागृहानं मिळून. गॅसची नळी फुटल्यासारखा तो आवाज बराच वेळ येत राहिला. चौबळांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी टोप काढला, काखेत मारला आणि स्वतःची मैफल अर्धी टाकून निघून गेले. पडेल नाटकाचे निर्माते असे जाताना मी पाहिले आहेत. हेही त्यातलंच असं मी धरलं. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्या दिवशीही राखीव होती आणि रिकामी होती.

त्यानंतर सभागृहानं त्यांना पुन्हा तारीख द्यायला नकार दिला. डोंबिवलीतल्या बाकीच्या सभागृहांनी तो नकार एकमेकांकडून ऐकला. चौबळ माझ्याकडे येऊन बसले. बातमी आणली नव्हती.

"एक मैफल," ते म्हणाले. "एकच पाहिजे मला. लोक बोलतायत आणि वाजतंय. मग मी सोडून देईन सगळं."

"कशासाठी पण?" मी विचारलं. "कुणाला हवंय हे?"

चौबळांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, हातात जोखला आणि खाली ठेवला. "हवंय," ते म्हणाले.

वाट बाळूनं दाखवली. हंगामात तो हळदीच्या मांडवांतून वाजवत असे. त्यानं चौबळांना ठाण्याच्या खाडीकाठी, कोलशेतला हरेश्वर म्हात्रे यांच्याकडे नेलं. म्हात्र्यांच्या आज्यानं मिठागरात टोपल्या वाहिल्या होत्या. नातवाच्या नावावर आता तीन इमारती आहेत आणि एकीच्या पहिल्या मजल्यावर लग्नाचा हॉल आहे. चौबळांची त्यांना ओळख होती. निरीक्षक असताना चौबळांनी म्हात्र्यांच्या वडिलांच्या दुकानातला काटा सील केला होता आणि नंतर त्यांच्याच घरी जेवायला बसले होते.

हे बोलणं मी ऐकलं, कारण चौबळ मला साक्षीदार म्हणून घेऊन गेले होते.

"हॉल रिकामाच हाय रविवारी," म्हात्रे म्हणाले. "मानसं पन येतील. पन साहेब, एक सांगतो. आमची मानसं गप नाय बसनार हां. बाया तं अजिबात नाय बसनार. आधीच सांगून ठेवतो, नंतर बोलू नका."

चौबळांनी खुर्चीतून उठून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. म्हात्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

रविवारी दुपारी मी हॉलवर पोहोचलो, तेव्हा चौबळ खाली टॅक्सीतून एका बाईंना उतरवून घेत होते. टोप त्यांनी आधीच घातला होता, त्यामुळे रस्त्यावरची पोरं जमली होती. बाई सत्तरीच्या आतल्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या. उजवा हात अंगाला चिकटून लोंबत होता. डाव्या हातानं पदराचं टोक तोंडावर दाबून धरलं होतं, उचकी दाबावी तसं.

"ही नलिनी. माझी बायको," चौबळ म्हणाले.

मी नमस्कार केला. त्यांनी डोळ्यांनी हसून मान लववली. पदर हलला नाही.

"शाळेत भूगोल शिकवायची," चौबळांनी माहिती दिली. "हल्ली बोलत नाही." मग ते जिन्याकडे वळले. एकेक पायरी थांबत त्यांनी तिला वर नेलं आणि पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं. चिठ्ठी काढून खिशात ठेवली.

शेजारच्या खुर्चीवर म्हात्र्यांच्या आई बसल्या होत्या. हिराबाय. नाकात नथ, गळ्यात सोन्याचा पोहेहार. चौबळीणबाईंची खुर्ची सरकायच्या आत त्यांनी बोलायला सुरुवात केली. सून उशिरा उठते, सुरमई महाग झाली, खाडीवरचा वारा आता इमारतींनी अडवला. समोरून उत्तर येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही. उत्तराची त्यांना गरज नव्हती.

मैफल सुरू झाली. म्हात्र्यांनी शब्द पाळला. कुणीही गप्प बसलं नाही. भज्यांची ताटं फिरत होती. मागच्या रांगेत एका लग्नाची बोलणी चालली होती आणि ती गंभीर होती. बाळूनं क्लॅरिनेट तोंडाला लावल्याबरोबर एकजण ओरडला, "आरं, हा तं आपला बाळू! बाळ्या, हलदीचं वाजव!" बाळूनं मान डोलावली आणि समोर लिहिलेलंच वाजवलं. एक जलद तुकडा संपला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि "परत, परत" केलं. व्हायोलिनवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि परत वाजवलं. चौबळ खांबाशी मोबाइल धरून उभे होते. जे जे त्यांनी आम्हाला वर्षभर वाचायला लावलं होतं ते सगळं इथे, कोणीही न वाचता, चाललं होतं. या वेळी त्यांनी चाचणीचं वाक्य कुणालाही म्हणायला सांगितलं नाही.

मग संथ भाग आला. एकटं व्हायोलिन होतं. भज्यांच्या वासात आणि लग्नाच्या बोलण्यांत ते तरीही ऐकू येत होतं. पहिल्या रांगेत पदर खाली आला.

"चहा टाकू का?" नलिनीबाई म्हणाल्या. स्वच्छ, मोठ्या, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात.

लगेच त्यांनी पदर तोंडावर दाबला. डोळे मोठे झाले होते.

पुढची माहिती मला चौबळांकडून नंतर मिळाली. ती मोजकीच आहे. अर्धांगाच्या झटक्यानं नलिनीबाईंची सगळी भाषा नेली. हे एक वाक्य राहिलं. राग आला, भूक लागली तरी त्या काही म्हणत नाहीत. काही फार आवडलं की हेच म्हणतात. एका दिवाळीत पहाटेच्या गाण्याला दोघं गेली होती. गाणं त्यांना आवडलं. वळून कुणीतरी "श्श" केलं, मग आणखी काही जणांनी. त्या दिवसापासून गाणं लागलं की हात तोंडावर जातो. घरी रेडिओ लावला तरी. लोक जिथे गप्प करत नाहीत अशी मैफल चौबळ शोधू लागले. ती त्यांना अठराव्या शतकात सापडली.

त्या क्षणी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी सवयीनं माना वळायची वाट पाहत होतो. चौबळांनी मोबाइल छातीशी धरला होता.

कुणी वळलं नाही.

"टाक," हिराबाय समोर बघतच म्हणाल्या. "मना साखर नको." आणि सुनेचा विषय होता तिथून पुढे चालू केला.

"आमाला पन," मागून कुणीतरी म्हणालं. "दोन."

व्हायोलिन चालू होतं. पदर जरा खाली आला. मग पूर्ण खाली आला. डावा हात मांडीवर जाऊन उजव्या हातावर पडला.

"चहा टाकू का?"

"आगो टाक, सांगलं ना!" हिराबाय वैतागल्या. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. बाईंचा लोंबता हात त्यांना बहुधा तेव्हाच दिसला. त्यांची नजर खांबाशी उभ्या असलेल्या, ऋषीचा टोप घातलेल्या माणसावर गेली.

"काय रं, तुजीच बायको ना ही? कवाची इचारते, चहा टाकू का, चहा टाकू का. हात बघ तिचा. ती टाकील का? नि तू खांब धरून उबा र्‍हायलास! जा, टाक जा!"

चौबळ गेले. हॉलच्या मागे भटारखाना होता. वर्षभर ज्या मैफलीसाठी त्यांनी डोंबिवलीशी वैर घेतलं, तिचा उरलेला भाग त्यांनी मोठ्या पातेल्यासमोर, आलं ठेचत ऐकला. सिंफनीचा शेवट कसा झाला हे मी सांगू शकत नाही. त्या गोंगाटात मला तो नीट ऐकू आला नाही.

वृंद उठला तेव्हा ते चहाचे कप मांडलेलं ताट घेऊन बाहेर आले. वाफेनं टोप कपाळावर घसरला होता. पहिला कप त्यांनी कडेच्या खुर्चीपाशी नेला, गुडघ्यावर बसले आणि तिच्या डाव्या हातात नीट धरवला.

नलिनीबाईंनी एक घोट घेतला. चौबळांकडे पाहिलं.

"चहा टाकू का?"

"टाकलाय, नलू," चौबळ म्हणाले. "पी."